त्यांचं त्यांना करू द्या

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरात काय दिसणार, हे मला आता उंबऱ्याबाहेरूनच कळतं. खाट आतल्या खोलीतून सोप्यात आलेली असते. उशाशी तांब्या, औषधांची पिशवी, भेटायला आलेल्यांनी आणलेली केळी आणि बिस्किटांचे पुडे. भोवती घरची माणसं, आणि ती आजाऱ्याला काहीही करू देत नाहीत. त्याने हात पुढे केला की कोणीतरी पेला उचलून तोंडाला लावतं. सदऱ्याच्या गुंडीकडे बोटं वळली की सून धावते. "तुम्ही पडून राहा, आम्ही आहोत ना," हे वाक्य तर घरोघरी ऐकू येतं. सगळं मायेपोटीच चाललेलं असतं. पण महिना-दोन महिने अशी माया झाली की माणूस पेल्याकडे हात करायचाच सोडून देतो.

माझं काम इथून सुरू होतं. मी व्यवसायोपचारतज्ज्ञ आहे. फिजिओथेरपिस्ट म्हणजे कोण हे आता खेडोपाडी ठाऊक झालं आहे; आमची ओळख अजून करून द्यावी लागते. आजाराने किंवा अपघाताने ज्याच्या हातून रोजची कामं सुटली, त्याला ती पुन्हा करता यावीत म्हणून त्या कामांचाच उपचार करायचा, एवढं सांगितलं तरी पुरे. जेवण, अंघोळ, लुगडं नेसणं, भाकरी थापणं, दुकानाची वही लिहिणं, ज्याचं जे असेल ते. फलटण तालुक्यात आणि पलीकडच्या माणदेशी गावांत मी बरीच वर्षं हेच करते आहे. शरीर कसं चालतं हे मी पुस्तकांतून शिकले. श्रद्धा कशी चालते हे मात्र या घरांनी शिकवलं, आणि शिकवणाऱ्यांतल्या बहुतेकांना सही करता येत नव्हती.

माझं शिक्षण परळच्या के. ई. एम. रुग्णालयातलं. तिथे १९५० साली कमलाबाई निंबकरांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली, देशातली पहिली. कमलाबाई मूळच्या अमेरिकेतल्या, क्वेकर पंथाच्या घरातल्या. माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न झालं आणि त्या इथल्याच झाल्या. या क्वेकर मंडळींचा कामावरचा विश्वास जुना आहे. त्यांच्यातल्याच विल्यम ट्यूक यांनी १७९६ साली इंग्लंडमधल्या यॉर्कला मनोरुग्णांसाठी एक घर काढलं. वेड लागलेल्याला साखळदंडात ठेवायचा तो काळ. ट्यूकनी त्यांना बाग दिली, शिवणटिपण दिलं, घरातली कामं दिली, आणि माणसं शांत झाली. आमच्या विषयाच्या इतिहासात हे घर हमखास येतं. आपल्याकडेही बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवनात तेच केलं. ज्या कुष्ठरुग्णांना लोक लांबून भाकरी टाकत, त्यांच्या हातात बाबांनी कुदळ दिली.

लग्न होऊन मी फलटणला आले, तेव्हा एका शाळेवर 'कमला निंबकर बालभवन' अशी पाटी दिसली. ज्या बाईंचा फोटो कॉलेजात पाहिला, त्यांचं नाव सासरच्या गावी भेटलं. नवख्या सुनेला तेवढाही आधार पुष्कळ वाटला.

आता घरांकडे वळते.

एका वाडीवरचे धनगर आबा. आयुष्यभर मेंढरांमागे चाललेला माणूस. दिवाळी झाली की वाडा घेऊन घाट उतरायचा, कोकणात खळ्यांवर आणि शेतांत मेंढरं बसवायची, पावसाच्या तोंडावर परत वर यायचं. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला आला होता, त्यामुळे डावा हात-पाय लुळा. वाचा शाबूत. मी गेले तेव्हा त्यांचं जेवण चाललं होतं आणि सुनेशी भांडणही.

"कोरड्यास वाढलंच न्हाय हिनं. कोरडी भाकर गिळायची का मी?"

सून रडकुंडीला आलेली. ताटात कोरड्यास होतं, वाटी भरून, पण डाव्या अंगाला. उजवीकडची चटणी, कांदा, अर्धी भाकरी संपली होती. भाकरीचा डावा अर्धा तुकडासुद्धा तसाच होता, कोणी सुरीने कापून ठेवावा इतका नीट. घरच्यांना वाटत होतं, म्हाताऱ्याला चळ लागला. मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. आबांनी वाटीकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"आत्ता वाढलंस व्हय?"

उजव्या मेंदूला इजा झाली की पुष्कळांचं असं होतं. डोळे चांगले असतात, पण डावीकडचं जग मेंदूच्या हिशेबातून गळतं. डावी बाही घालायची राहते, डाव्या गालावरची दाढी तशीच राहते, डाव्या बाजूने कोणी बोललं तर तो माणूस उजवीकडे शोधतो. "डावीकडे बघा, डावीकडे बघा" असं शंभरदा सांगून उपयोग होत नाही, कारण ज्याच्या लेखी डावीकडे काही नाहीच तो तिकडे बघेल कशाला? तिकडे त्याच्या जिव्हाळ्याचं काहीतरी असावं लागतं.

मी सुनेला विचारलं, "आबांना सगळ्यात जवळचं काय?" ती म्हणाली, "मेंढरं. आमी न्हाय."

मग खाटेच्या डाव्या खुराला एक कोकरू बांधलं. ते दिवसभर ओरडायचं, आबा उजवीकडे मान वळवून त्याला शोधायचे, आणि दिसत नाही म्हणून शिव्या घालायचे. काही दिवसांनी मान मध्यावर आली. पुढे मध्यावरून डावीकडे सरकली. एका सकाळी त्यांनी उजवा हात पोटावरून पलीकडे नेला आणि कोकराचं डोकं खाजवलं. मला तेवढंच हवं होतं. त्यानंतर मी कातरलेल्या लोकरीचा ढीग डाव्या अंगाला ठेवायला सांगितला. लोकरीतली गोखरं आणि कुसळं वेचून काढायची, पांढरी एकीकडे, काळी एकीकडे. डाव्या पंजाखाली लोकरीचा झुबका दाबून धरायचा, उजव्या बोटांनी वेचायचं. लुळा हात निदान वजन म्हणून कामाला लागला पाहिजे. ज्या हाताला काहीच काम नाही त्याला मेंदू हळूहळू विसरून जातो. हे शास्त्र झालं. आबांना शास्त्राशी देणंघेणं नव्हतं. कोणत्या मेंढराची लोकर सनगराकडे घोंगड्याला द्यायची आणि कोणती नुसती जेनाला, हे त्यांच्या बोटांना कळत होतं, घरात दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं. मुलगा लोकर घेऊन त्यांच्यापाशी विचारायला येऊ लागला. त्या दिवसापासून आबांचं सुनेशी भांडण कमी झालं.

डावा हात पुढे फारसा सुधारला नाही. काठी टेकत ते वाड्यापर्यंत जाऊ लागले, कोकणात मात्र पुन्हा गेले नाहीत. मी एकदा विचारलं, "आबा, बिरोबावर राग येत नाही का?" ते म्हणाले, "त्येनं मेंढरं राखायला दिल्ती. पायानं राखली, आता बसून राखतो." एवढंच बोलले आणि लोकर वेचू लागले.

दुसरं घर एका पोराचं. बारावीतला मुलगा, कडबाकुट्टीत उजवा हात गेला. आमच्या भागात या यंत्राने किती हात खाल्ले असतील! घाईघाईत ओंजळभर वैरण आत लोटायची, पात्याला काय, कडबा आणि बोटं सारखीच. याची दोन बोटं गेली, उरलेल्यांच्या शिरा जोडल्या होत्या. जखम भरली तरी हात ताठर झाला आणि मुलाने तो खिशात घातला. जेवताना डावा, लिहिताना डावा, फोटोत उजवा हात पाठीमागे. व्यायामाचे रबरी चेंडू दिले, ते कपाटावर गेले. चेंडू दाबून काय मिळतं, हा त्याचा प्रश्न रास्त होता.

आषाढ तोंडावर आला होता. आमच्याकडे पोळा नसतो, बेंदूर असतो; घरोघरी मातीचे बैल पुजतात. मी ओढ्याकाठची चिकणमाती आणायला सांगितली आणि म्हटलं, यंदाचे बैल तू कर. माती मळायला पंजा लागतो, अंग वळायला तळवा लागतो, पाय ओढायला बोटं लागतात. शिंगांना सगळ्यात जास्त कसब लागतं. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत माती धरून टोक काढायचं, आणि याचं अंगठ्याशेजारचं बोटच नव्हतं. त्याने अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांची नवी चिमट शोधली. मी शिकवली नाही. शिकवता आली असती, पण मग ती माझी झाली असती. पहिल्या बैलांची शिंगं एक वर, एक खाली. आजीने त्यांनाच झूल घातली, हळदकुंकू लावलं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. जो हात पोरगा लपवत होता, त्या हाताने केलेल्या बैलांपुढे घरातली मोठी माणसं वाकली. पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा हात खिशाबाहेर होता.

या दोन्ही घरांत मी बाहेरची होते. थैली उचलली की निघता येत होतं. तिसरं घर माझं.

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पहाटे झटका आला. यावेळी मेंदूची डावी बाजू. उजवा हात-पाय गेला आणि बरोबर वाचाही. त्या माळकरी. एकादशी कधी चुकली नाही, रोज संध्याकाळी शेजारच्या बायका जमवून हरिपाठ. मी पूजेअर्चेतली नव्हे. त्यांनी कधी त्यावरून बोल लावला नाही, मीही त्यांच्या उपासांवर व्याख्यान दिलं नाही, असा आमचा समझोता होता.

रुग्णालयातून घरी आल्या तेव्हा त्यांना पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. काय हवं ते डोक्यात स्वच्छ असायचं, शब्द सापडायचा नाही. "ते... ते..." करून डोळ्यांत पाणी यायचं. मग एका संध्याकाळी बायका भेटायला म्हणून आल्या आणि सवयीने हरिपाठ म्हणू लागल्या. तिसऱ्या-चौथ्या ओळीला आत्याबाईंचे ओठ हलले. पाचवीला आवाज आला, आणि पुढे शब्दन् शब्द, न अडखळता. हरिपाठ संपला, मी विचारलं, "आत्याबाई, पाणी देऊ?" त्या म्हणाल्या, "ते... ते..."

गल्लीभर बातमी झाली. माउलीने वाचा दिली, चमत्कार झाला. लोक बघायला येऊ लागले. मला याचं कारण ठाऊक होतं. शब्द जुळवून नवं वाक्य करायचं काम बहुतेकांच्या डाव्या मेंदूत चालतं. पण वर्षानुवर्षं घोकलेलं, चालीत बसलेलं बोलणं दुसऱ्या वाटेने येतं: पाढे, वार, आरत्या, गाणी. आणि शिव्या. हे शेवटचं कोणी बाहेर सांगत नव्हतं, पण ज्या आत्याबाईंच्या तोंडून आयुष्यात वावगा शब्द निघाला नाही, त्यांनी त्याच आठवड्यात दूध सांडणाऱ्या मांजराला अशी काही शिवी हासडली की माझे दीर उठून बाहेर गेले. देवाचं नाव आणि मांजराची शिवी एकाच दाराने बाहेर आली. मी घरच्यांना हे समजावून सांगितलं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "असंल बाई तुझं शास्त्र, पण शिवीचं कोणाला सांगू नको."

कारण कळलं म्हणजे विषय संपला, असं मला वाटायचं. यावेळी तो संपेना. दुसरी वाट सगळ्यांच्याच मेंदूत असते, हे खरं. पण त्या वाटेवर काय सापडेल हे ज्याचं त्याने आयुष्यभर काय रुजवलं त्यावर ठरतं. आत्याबाईंनी दिवेलागणीला हरिपाठ म्हटला तो काही पुढे झटका येईल म्हणून नव्हे. शेतातून दमून आल्यावर म्हटला, सुतकात मनातल्या मनात म्हटला, दुष्काळाच्या साली जनावरं छावणीत असताना म्हटला. देवाचं नाव त्यांच्या तोंडात उरलं, कारण त्यांनीच ते रोज तिथे ठेवलं होतं. मला श्रद्धेचा जो अर्थ पटला तो एवढाच. तो मला देव्हाऱ्यापुढे सापडला नाही, माझ्याच विषयाच्या आडवळणाने सापडला.

पुढे आम्ही त्या चालीचाच वापर केला. ही पद्धत जगभर वापरतात: जो शब्द बोलता येत नाही तो सुरात बसवायचा, डाव्या हाताने ताल धरायचा. आत्याबाई हरिपाठाच्या चालीत "पाणी द्या" म्हणू लागल्या. मग "चहा द्या". मग, टाळी वाजवत, "साखर कमी". पाहुण्यांना हसू यायचं. त्या स्वतःही हसायच्या, तोंड एका बाजूला ओढलेलं असतानासुद्धा. हळूहळू चाल गळत गेली आणि शब्द राहिले. सगळे नाही राहिले. माणसांची नावं अजून अडतात. मला त्या कित्येकदा माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारतात.

हातासाठी मी वाती निवडल्या. लक्ष वातींचा संकल्प त्यांनी आजाराआधी सोडला होता आणि डबा अर्धाच भरला होता. सरकी काढून कापूस पिंजायचा, चिमूटभर घ्यायचा, बोटाला दूध लावून वळायचा. दोन्ही हातांचं काम. सुरुवातीला उजवा तळवा पाटावर उताणा ठेवायचा, त्यात कापूस, आणि वरून डावा हात फिरवायचा. उजवा नुसता पाट झाला होता. ओबडधोबड वाती व्हायच्या, मधे फुगलेल्या. त्या जळतील का, असं मी म्हटलं. आत्याबाईंनी एक उचलली, तेलात बुडवली आणि मला काडी ओढायची खूण केली. जळली.

याच सुमारास नणंदबाई माहेरपणाला आल्या. आई भिंतीला टेकून वाती वळते आहे, अंगठा थरथरतो आहे, कपाळाला घाम, हे दृश्य त्यांनी दारातून पाहिलं आणि माझ्यावर बरसल्या.

"आजारी माणसाला कामाला लावलंस वहिनी? गावात काय म्हणतील? सून शिकलेली, न् सासूकडून वाती वळून घेती!"

त्यांनी पुढे होऊन आईच्या हातातला कापूस घेतला. आत्याबाईंनी डाव्या हाताने त्यांच्या मनगटावर चापट मारली. जोरात. कापूस परत घेतला आणि पुन्हा वळू लागल्या. नणंदबाई बराच वेळ तिथेच बसल्या. मग त्यांनी दुधाची वाटी आईच्या हाताशी सरकवली आणि स्वतः कापसातली सरकी काढत राहिल्या. मदत कशी करायची हे मी अनेक घरांत तासन्‌तास समजावलं आहे. त्या दिवशी एका चापटीत समजलं.

गोधडीचं काम उन्हाळ्यात निघालं. त्यासाठी उजव्या हातात सुई धरता येणं शक्य नव्हतं आणि मी तसा हट्टही धरला नाही. आत्याबाई खुर्चीत बसायच्या, आम्ही दोघी जावा खाली. जुनं लुगडं अंथरायचं, त्यावर धोतरांचे, चादरींचे थर, वरून दुसरं लुगडं, आणि कडेने धावदोरा घालत आत मध्याकडे यायचं. टाका मोठा पडला की खुर्चीतून काठी यायची. कोणतं कापड कोणाचं, हे त्यांना नावं न घेता सांगायचं असायचं. मग सासऱ्यांच्या धोतरावर हात ठेवून त्या नुसत्या कुंकवाची जागा दाखवायच्या. लेकीच्या परकरावर हात ठेवून दार दाखवायच्या, सासरी गेली म्हणून. सुई आमची, गोधडी त्यांची. घरातल्या कर्त्या बाईचा अधिकार हातापायांत नसतो हे त्या उन्हाळ्यात सगळ्यांना उमगलं, आत्याबाईंनाही.

या सगळ्याला किती वेळ लागतो, असं प्रत्येक घर विचारतं. मी शेतकऱ्यांशी शेतीच्या भाषेत बोलते. आमचा भाग पर्जन्यछायेतला. कालव्याखाली ऊस आहे, पण कालव्याच्या वरच्या अंगाला जिरायत. तिथे मालदांडी ज्वारी हस्ताच्या पावसाने मुरवलेल्या ओलीवर येते. पेरल्यानंतर वरून थेंब पडला नाही तरी जमिनीच्या पोटातल्या ओलाव्यावर कणीस धरते. झटक्यानंतरची सुधारणा तशीच चालते. पहिले तीन महिने पिकाची वाढ डोळ्यांना दिसते, सहा महिन्यांपर्यंत ती मंद होत जाते, आणि पुढे वर्षानुवर्षं इंचाइंचाने काहीतरी होत राहतं, पण रोज बांधावर उभं राहून मोजलं तर दिसत नाही. ज्याने कोरडवाहू रान कसलं आहे त्याला हे पटकन कळतं. आणि एखाद्या साली ओलच नसते, पेरलेलं उगवत नाही, हेही त्याला ठाऊक असतं. माझ्याही कामात अशी घरं आहेत. सगळं नीट करूनही माणूस अंथरुणातून उठला नाही. तिथे मग दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला जखम होऊ न देणं, बसतं करून हनुवटी खाली ठेवून घोट-घोट भरवणं, एवढंच उरतं. तेही कामच आहे. निकाल चांगला लागला तरच श्रद्धा खरी, असं मानलं असतं तर मी हा व्यवसाय केव्हाच सोडला असता.

शुश्रूषा करणाऱ्यांविषयी बोललंच पाहिजे. आपल्याकडे सेवेचं कौतुक फार, आणि ती करायची बहुधा सुनेने, लेकीने नाहीतर बायकोने. कौतुक जितकं मोठं तितकी त्या बाईला दमले म्हणायची चोरी. कंबर धरलेली, रात्रीची झोप तुटलेली, माहेरी जाऊन वर्ष झालेलं, आणि वर गाव म्हणतं, काय भाग्यवान सासू! मी घरात गेले की आजाऱ्याइतकीच त्या बाईकडे बघते. आजाऱ्याला काखेत हात घालून ओढू नका. लुळा खांदा निखळतो आणि तुमची कंबर जाते. त्याच्या कमरेला सुती उपरणं घट्ट बांधा, ते धरून, स्वतःचे गुडघे वाकवून उठवा. सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना तो शेवटी. चमच्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की मूठ जाड होते, पकडता येतो. आणि आठवड्यातली एक दुपार त्या बाईची स्वतःची असली पाहिजे, घरातल्या पुरुषाने तेवढा वेळ खाटेपाशी बसलं पाहिजे. हे शेवटचं सांगताना सोप्यात नेहमी शांतता पसरते. तरी मी सांगतेच.

दर आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणला येते. आमच्या घरी वारकऱ्यांसाठी पिठलं-भाकरी असते. आता ढीगभर लसूण सोलायचं काम आत्याबाईंकडे आहे. डाव्या हाताने पाकळी, उजव्या अंगठ्याखाली दाबून साल. वेळ लागतो, म्हणून त्या दोन दिवस आधीच सुरुवात करतात. पंढरपूरला न जाता अरणला आपल्या मळ्यात राबणाऱ्या सावतोबांची गोष्ट त्या पूर्वी आम्हाला सांगायच्या. आता गोष्ट सांगता येत नाही. लसूण सोलतात.

वाचणाऱ्यांच्या घरी कोणी अंथरुणावर असेल तर दोन गोष्टी सांगते. पहिली डॉक्टरकीची. अचानक तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडू लागला, बोलणं जड झालं, तर देवऋषी, मालीश, "सकाळपर्यंत वाट बघू" यांत वेळ घालवू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा सी.टी. स्कॅन होणं भाग असतं. ही सोय असलेलं रुग्णालय आपल्यापासून किती लांब आहे, हे आजच चौकशी करून ठेवा.

दुसरी गोष्ट घरची. तुमच्या आजाऱ्याला उद्या सकाळी एक काम द्या. शेंगा फोडायच्या, मेथी निवडायची, देवाची भांडी पुसायची, नातवाचा पाढा ऐकायचा, पैसे मोजायचे. खोटं काम देऊ नका. त्याच्या हातून झालं नाही तर घराचं अडेल असं खरं काम द्या. मग वेळ लागू द्या, सांडू द्या, वाकडं होऊ द्या, आणि तुमचे हात मांडीवर ठेवा. सेवेतला सगळ्यात अवघड भाग तोच आहे.